सिंथेटिक रोपची विंच: वापर, निगा आणि दुरुस्ती

विंच म्हणजे गाडीला बसवलेले, ड्रमवर दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र. तिचा सिंथेटिक दोर तुटला की सगळा दोष शेवटच्या ओढीवर जातो. खरे तर तो दोर बहुतेक वेळा आधीच कुठेतरी अर्धा संपलेला असतो: ड्रमच्या पहिल्या थरात तापून, दगडाच्या कडेला घासून, नाहीतर पेडांत शिरलेल्या वाळूने आतून कापला जाऊन. वायर रोप खराब झाला की मोडलेल्या तारा हाताला टोचतात. सिंथेटिक दोर मात्र काही सांगत नाही, त्याला बघावे लागते. म्हणून इथे गाडी काढण्याइतकीच जागा दोर गुंडाळणे, धुणे आणि तपासणे यांना दिली आहे.

दोराचा स्वभाव

हा दोर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन तंतूंचा असतो. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही अशाच तंतूंची बाजारातली नावे. बारा पेडांची पोकळ वेणी असते, आत वेगळा गाभा नसतो. पाण्यापेक्षा किंचित हलका असल्याने तो डबक्यात तरंगतो. तेवढ्याच ताकदीच्या वायर रोपच्या साधारण सातवा हिस्सा वजन. चांगल्या प्रतीचा १० मिमीचा नवा दोर ९ टनांच्या आसपास तुटतो, पण हा आकडा बनावटीप्रमाणे बदलतो. घेताना नुसत्या व्यासावर जाऊ नका, तुटण्याची क्षमता वाचा.

त्याला तीन गोष्टी चालत नाहीत. पहिली उष्णता. तंतू १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतात, पण ताकद त्याच्या कितीतरी आधी घसरायला लागते. ताणाखाली दोर ६५ ते ७० अंशांच्या वर राहू नये. दुसरी धार: दगडाची, नंबरप्लेटची, बंपरच्या कापलेल्या पत्र्याची. ताणलेला दोर धारेवर आडवा सरकला की क्षणात कापला जातो. तिसरी बारीक वाळू आणि सुकलेला चिखल. कण वेणीत शिरतात आणि दोर वाकला, ताणला गेला की आतून तंतू कापत राहतात.

शिवाय तंतू कमालीचे निसरडे असतात. वायर रोपचे ५ वेढे ड्रमवर शिल्लक असले तरी भागते. सिंथेटिकला किमान १० लागतात. वेढे कमी पडले तर दोर घसरून भार ड्रमवरच्या शेवटच्या स्क्रूवर येतो, आणि तो स्क्रू भार घेण्यासाठी बनवलेलाच नाही. याच निसरडेपणामुळे या दोराला गाठही धड बसत नाही. एकतर ती सुटते, नाहीतर दोराची ताकद निम्म्यावर आणते.

तुटेपर्यंत हा दोर जेमतेम ३ ते ४ टक्के ताणतो. म्हणून हिसका देऊन गाडी काढायला तो अजिबात वापरू नये. त्या कामाला नायलॉनचा, लवचीक कायनेटिक दोर वेगळा असतो. विंचच्या दोराने गाडी टोचन करून नेणे किंवा ट्रेलरवर गाडी बांधून ठेवणे हेही टाळा.

वायर काढून सिंथेटिक चढवताना

आधी विंचचा ब्रेक कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत पाहा. अनेक इलेक्ट्रिक प्लॅनेटरी विंचमध्ये तो ड्रमच्या पोटात असतो. भाराखाली दोर सोडला की ब्रेक घासतो, ती उष्णता ड्रमच्या भिंतीत उतरते आणि पहिल्या थराला लागते. अशा विंचवर पहिल्या थरापुरते उष्णतारोधक आवरण असलेला दोरच घ्या. ब्रेक ड्रमच्या बाहेर असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

वायर रोप काढल्यावर ड्रमवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर बारीक ओरखडे आणि उभे राहिलेले धातूचे टोक सापडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. जुना नायलॉनचा मोजा हातावर चढवून सगळीकडे फिरवा. जिथे मोज्याचा धागा अडकेल तिथे दोरही अडकणार. आधी १८० नंबरचा, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा आणि पुन्हा मोजा फिरवा.

फेअरलीड म्हणजे विंचसमोरची, दोर जिच्यातून बाहेर पडतो ती चौकट. रोलर फेअरलीड काढून त्या जागी अॅल्युमिनियमचा हॉस फेअरलीड (रोलर नसलेला, गोल ओठांचा) लावा. वायरने चरे पाडलेले रोलर दोर खातात, आणि आडव्या-उभ्या रोलरच्या कोपऱ्यातल्या फटीत सिंथेटिक दोर चिमटला जातो. हॉस घेताना ओठाची गोलाई जितकी मोठी तितकी बरी. उलट चूकही करू नका: अॅल्युमिनियमच्या हॉसमधून वायर रोप एकदा जरी ओढला तरी त्याला खाचा पडतात, आणि मग तो सिंथेटिकच्याही कामाचा राहत नाही.

दोर ड्रमवर कोणत्या बाजूने चढतो ते विंचवरच्या बाणाप्रमाणेच ठेवा. बहुतेक विंचमध्ये तो ड्रमच्या खालून बाहेर पडतो. ब्रेक एकाच दिशेचा भार धरतो. दोर उलटा गुंडाळला तर ‘आत’ आणि ‘बाहेर’ची बटणे उलटी चालतात एवढेच होत नाही, ब्रेकही धरत नाही. उतारावर हे कळले तर फार उशीर झालेला असतो.

टोक ड्रमला बसवल्यावर पहिले वेढे इन्सुलेशन टेपने ड्रमला चिकटवून घ्या, म्हणजे सुरुवातीला ते जागच्या जागी घसरणार नाहीत. दहा वेढे पूर्ण झाले की पुढचा दीड मीटर दोर वेगळ्या रंगाच्या कायमच्या मार्करने माखा. दोर सोडताना तो रंग फेअरलीडमधून बाहेर आला की तिथेच थांबायचे.

नवा दोर हाताने ढिला गुंडाळून मोकळे होऊ नका. सैल थरांवर पहिली जोरदार ओढ आली की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मधे घुसतो, तिथे चेपला जातो आणि परत सोडताना अडकून उलट्या दिशेने गुंडाळू लागतो. सपाटीपेक्षा किंचित चढ असलेली मोकळी जागा बघा. दोर रंगीत खुणेपर्यंत सोडा, वरच्या बाजूच्या भक्कम अँकरला (झाड किंवा दुसरी गाडी) लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक अर्धवट ओढा आणि विंचने गाडी हळूहळू वर खेचा. दोरावर २०० ते २५० किलोचा ताण राहिला की पुरे. वेढे शेजारी-शेजारी, फट न ठेवता बसले पाहिजेत. दर काही मीटरला थांबून बघा. वेढा तिरका बसला असेल तर विंच थांबवून, ताण सोडून हाताने सरळ करा. चालू ड्रमजवळ बोटे न्यायची नाहीत. आत घेताना हात फेअरलीडपासून किमान एक मीटर दूर.

किती ओढ लागणार

विंचवर छापलेली क्षमता फक्त ड्रमच्या पहिल्या थराची असते. वर जितके थर तितका ड्रमचा व्यास मोठा आणि ओढ कमी. ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३१० किलोची विंच चौथ्या थरावर साधारण साठ टक्केच ओढते, म्हणजे २,५९० किलोच्या आसपास. गाडीच्या पूर्ण भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेची विंच घ्यायची ती याचमुळे.

लागणाऱ्या ओढीचा अंदाज तोंडी काढता येतो. मोकळी फिरणारी गाडी पक्क्या रस्त्यावर वजनाच्या पंचविसाव्या हिश्श्याने हलते, गवतावर सातव्या, मऊ कोरड्या वाळूत चौथ्या, उथळ चिखलात तिसऱ्या आणि चिकट मातीत निम्म्या. चाके पूर्ण खोल रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतकी ओढ धरा, मडगार्डपर्यंत बुडाली असेल तर दुप्पट. चढ असेल तर वजनाला ६० ने भागून चढाच्या अंशांनी गुणा आणि ते यात मिळवा.

समजा सामानासकट २,२०० किलोची गाडी चाकभर रुतली आहे आणि समोर १० अंशांचा चढ आहे. रुतण्याचे २,२०० आणि चढाचे ३६७ मिळून सुमारे २,५७० किलो झाले. वरची ४,३१० किलोची विंच, ड्रम भरलेला, झाड अगदी जवळ, म्हणजे चौथा थर: हाती जेमतेम २,५९०. कागदावर जमते, जमिनीवर मोटर गुदमरते. इथे दोन उपाय आहेत. दूरचा अँकर निवडा, म्हणजे जास्त दोर बाहेर जाऊन खालचा थर कामाला येईल. किंवा कप्पी लावा. आणि दोन्हीच्या आधी फावडे काढा. चाकांपुढची माती उकरली, पोटाखाली अडकलेला ढिगारा काढला की हिशेबातला सर्वात मोठा आकडाच खाली येतो. चिखलात उतरायचा कंटाळा विंच आणि दोर या दोघांनाही महागात पडतो.

ओढायचा क्रम

विंचचा क्लच मोकळा करून दोर हाताने बाहेर काढा. हूकला बांधलेल्या पट्ट्याला धरा, हूकच्या आत बोट घालू नका. दोर जमिनीवरून फरफटत नेऊ नका, उचलून न्या. हातमोजे घालाच. सिंथेटिकला टोचणाऱ्या तारा नसल्या तरी हूक आणि फेअरलीडमध्ये बोट चिमटतेच.

अँकर झाड असेल तर ते जिवंत आणि जाड असावे. किमान ७५ मिमी रुंदीचा झाडाचा पट्टा बुंध्याशी, जमिनीजवळ गुंडाळा. पट्टा वर गेला की झाड मुळातून उपटायला तरफ मिळते. पट्ट्याची दोन्ही टोके शॅकलच्या (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीच्या) कमानीत घ्या, पिनवर हूक. विंचचा दोर थेट झाडाभोवती फिरवून त्याच्यावरच हूक लावणे हा दोर मारायचा हमखास मार्ग आहे. तिथे तो स्वतःवरच घासून तापतो आणि कापला जातो.

शॅकल ४.७५ टनांचा, त्यावर क्षमता कोरलेली असलेला घ्या. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे सोडा, नाहीतर भारानंतर ती हाताने निघत नाही. दोराच्या टोकाच्या डोळ्यात (कायमच्या फासात) थिंबल, म्हणजे त्याला घासण्यापासून वाचवणारे धातूचे अस्तर, नसेल, नुसता मऊ डोळा असेल, तर पिनच्या आट्यांवर तो ठेवू नका, सॉफ्ट शॅकलने (दोराच्याच बनवलेल्या कडीने) जोडा. गाडीच्या बाजूला फक्त चेसीसला बोल्ट केलेले, क्षमता लिहिलेले रिकव्हरी पॉइंट वापरा. टो बॉलला कधीही काही अडकवू नका. तो मोडला की लोखंडाचा गोळा थेट माणसाच्या दिशेने येतो. बारीक टाय-डाउन हूक वाहतुकीत गाडी बांधण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नव्हे.

दुसरी गाडी अँकर असेल तर तिचा हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा आणि आत माणूस पायाने ब्रेक दाबून बसवा. ऑटोमॅटिक गाडी फक्त ‘पार्क’वर सोडू नका, सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खटक्यावर येतो.

आता विंचचा क्लच पूर्ण बसवा. लिव्हर शेवटपर्यंत गेल्यासारखा दिसला तरी आतले दाते अर्धवट अडकलेले असू शकतात. दोर हाताने ओढून ड्रम फिरत नाही ना हे तपासा. अर्धा बसलेला क्लच भाराखाली सुटतो आणि दाते मोडतात.

रिमोटचे बटण थोडे-थोडे दाबून फक्त सैलपणा काढा आणि थांबा. पूर्ण दोरावर नजर फिरवा: तो सरळ आहे का, फेअरलीडशी १५ अंशांपेक्षा तिरका जात नाही ना, दगडाला टेकत नाही ना, पट्टा वर सरकला का, थिंबल शॅकलमध्ये नीट बसले का. दगड टाळता येत नसेल तर दोरावरचे सरकते आवरण बरोबर त्या जागी आणा. पण दोर हलत असतो, आवरण जागेवर राहत नाही. दर मीटरला पुन्हा बघा.

दोराच्या मधोमध वजनदार डँपर (तुटलेला दोर उसळू न देणारे जाड कापड) किंवा ओले जाड पोते टाका. सिंथेटिक दोर हलका असल्याने तुटला तरी वायरसारखा फटका मारत नाही हे खरे, पण टोकाचा शॅकल, हूक किंवा मोडलेला पॉइंट घेऊन तो येतो, आणि मग त्याच्या हलकेपणाचा काही उपयोग नसतो. बाकीच्यांनी ताणलेल्या दोराच्या दीडपट अंतरावर उभे राहायचे. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. खुणा करणारा एकच माणूस.

इंजिन चालू ठेवा. पूर्ण भाराला विंच ४०० अँपिअरच्या वर करंट घेते, अल्टरनेटर त्यातला थोडाच भाग भरून काढतो. बाकी बॅटरी देते. त्यामुळे ओढ जड असेल तर अर्धा ते एक मिनिट ओढा आणि मग थांबा. मोटरच्या कवचावर हात ठेवता येत नसेल तर ते निवेपर्यंत बटणाला हात लावू नका. मोटरचा आवाज जड होऊन खाली बसू लागला की भार वाढतोय असे समजा. तेव्हा बटण धरून ठेवणे म्हणजे मोटर जाळणे.

चाकांनी पहिल्या गिअरमध्ये हलके सहकार्य केले तर ओढ कमी लागते. पण चाकांनी पकड घेतली आणि गाडी दोरापेक्षा पुढे धावली तर दोर सैल पडून चाकाखाली जातो, किंवा पुढच्या क्षणी गाडी अडकून झटका देते. हा दोर झटका सहन करत नाही. जमत नसेल तर न्यूट्रलच बरे.

ओढता-ओढता ड्रमकडे बघत राहा. दोर तिरका येत असेल तर एका बाजूला ढीग होतो, तो विंचच्या आडव्या दांड्यांना टेकायच्या आत थांबा. गाडी मोकळ्या जमिनीवर आली की हँडब्रेक, चाकांना उटी, मग दोर थोडा सोडून ताण काढा. ताण पूर्ण गेल्यावरच शॅकलला हात लावा.

कप्पी आणि रिंग

दोर अँकरवरच्या कप्पीतून परत आपल्याच गाडीला लावला की ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. मोटरवर आणि दोरावर भार निम्मा येतो, अँकरवर मात्र दोन्ही दोरांचा मिळून. दिशा काटकोनात वळवण्यासाठी कप्पी लावली तर अँकरवर दोराच्या ताणाच्या १.४ पट भार येतो. पट्टा आणि शॅकल त्या हिशेबाने घ्या. दोर वळतो त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणीही उभे राहू नये, कप्पी सुटली तर सगळे तिकडेच येते.

वायर रोपवर वापरलेल्या कप्पीच्या चाकात खाचा असतील तर ती सिंथेटिकला नको. अॅल्युमिनियमची रिकव्हरी रिंग (कप्पीऐवजी वापरायची, बाहेरून खाच असलेली कडी) आणि सॉफ्ट शॅकल ही जोडी हलकी आहे आणि चालते चांगली, पण दोर सैल पडला की रिंगमधून सहज बाहेर निसटतो. पुन्हा ताण देण्याआधी प्रत्येक वेळी खाचेत बसला का ते बघावे लागते. चिखलाने भरलेली रिंग फिरत नाही आणि सॉफ्ट शॅकल घासून तापते, म्हणून आधी पाण्याने साफ करा.

भार उतारावर सोडताना

दोराची खरी परीक्षा इथे असते. भार धरून दोर बाहेर सोडताना ब्रेक सतत घासतो, आणि ड्रमच्या पोटातला ब्रेक पहिल्या थराला शेकतो. बाहेरचा दोर थंड असतो, म्हणून कोणाला काही जाणवत नाही. ३ ते ४ मीटर सोडले की थांबा, ड्रमच्या बाजूची चकती हाताने चाचपा. चटका बसत असेल तर आतला दोर त्याहून तापलेला आहे. गाडीला उटी लावून निवू द्या. लांब उतार असेल तर भार शक्यतो गाडीच्या गिअरवर आणि ब्रेकवर ठेवा, विंच फक्त आधाराला.

ओढीनंतर

जंगलात, अंधारात दोर घाईने कसाही गुंडाळला जाणारच. हरकत नाही, पण तो तसाच पुढच्या ओढीपर्यंत राहता कामा नये. घरी आल्यावर पूर्ण सोडा, धुवा, तपासा आणि पुन्हा ताणाखाली गुंडाळा.

धुण्यासाठी मोठ्या टबात कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या. दोर तासभर भिजवा. मग अर्धा-अर्धा मीटर पकडून दोन्ही हातांनी एकमेकांकडे ढकला, म्हणजे वेणी फुगते आणि पेडांच्या मधली वाळू सुटते. हे न करता वरून पाण्याचा फवारा मारला तर बाहेर स्वच्छ दिसतो, आत वाळू तशीच. प्रेशर वॉशरचा जवळून मारलेला झोत उलट वाळू आत ढकलतो. पाणी गढूळ व्हायचे थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. सावलीत वाळवा. तंतू पाणी पीत नाहीत, पण पेडांच्या मधे ते अडकून राहते आणि ओला दोर ड्रमवर गच्च गुंडाळला की ड्रम आणि स्क्रू गंजतात. ग्रीस किंवा तेल दोराला लावू नका, धूळ चिकटते.

सुकलेला दोर मांडीवर घेऊन उजेडात, हाताने चाचपत तपासा. पृष्ठभागावर बारीक लव येणे नॉर्मल आहे, उलट ती आतल्या तंतूंचे संरक्षण करते. रंग उतरणेही चालते. चपटा झालेला, कडक वाटणारा भाग दिसला तर तो हातात धरून सगळ्या बाजूंनी वाकवा. वाकवल्यावर पुन्हा गोल आणि मऊ झाला तर तो फक्त ड्रमवर चेपलेला होता. वाकवूनही कडक राहिला, चकाकत असला, तंतू एकमेकांना चिकटलेले असले, तर तो वितळला आहे. तेवढा भाग कापून टाकायचा. हे बहुधा पहिल्या थरात सापडते, म्हणून वर्षातून निदान एकदा दहा वेढ्यांसकट सगळा दोर ड्रमवरून काढलाच पाहिजे.

एखादा पेड ओढला जाऊन फास निघाला असेल पण तुटला नसेल, तर तो दोन्ही बाजूंना थोडा-थोडा वाटत परत वेणीत सामावून घ्या. एकमेकांजवळचे दोन पेड तुटले असतील, किंवा घासून एखाद्या जागी पेडांची जाडी चौथाईने कमी झाली असेल, तर तो भाग बाद. एकाच जागी दोर अचानक बारीक किंवा फुगीर लागला तर वेणी उघडून आत बघा. आत पांढरी पूड असेल तर वाळूने काम केलेले आहे.

विंचही अधूनमधून चालवा. महिन्यातून एकदा क्लच हलवा, थोडा दोर सोडून आत घ्या, नाहीतर क्लचचा दांडा जाम होतो. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर काढा, नट आवळा. सैल जोडणी भाराखाली तापते आणि विंच कमजोर झाल्यासारखी वाटते. सोलेनॉइडचे (मोटरचा करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) संपर्क चिकटले तर बटण सोडूनही विंच फिरत राहते. त्या वेळी हाताशी असलेला, बॅटरीचा पुरवठा तोडणारा आयसोलेटर स्विच हाच एकमेव उपाय असतो, म्हणून तो बोनेटच्या आत खोल न लावता पटकन सापडेल असा लावा. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी विंच थोडी चालवून मोटरमधला ओलावा घालवा.

तुटलेल्या टोकाला नवा डोळा

पोकळ वेणी असल्याने हा दोर स्वतःच्याच पोटात घालून जोडता येतो. अशी चांगली जोड, म्हणजे स्प्लाइस, मूळ ताकदीच्या जवळपास ९० टक्के टिकवते. धारदार कात्री, टेप, मार्कर आणि पोकळ फिड (दोर वेणीतून ओवायची जाड सुई) एवढेच सामान लागते. फिड नसेल तर जाड, कडक तार दुमडून चालते. टोक लायटरने वितळवू नका. कडक गोळा झाला की तो वेणीत शिरत नाही. टेप गुंडाळून कापा.

१. टोकापासून दोराच्या व्यासाच्या ७२ पट मोजा. १० मिमीच्या दोराला ७२ सेंमी. ही पहिली खूण, टोकाकडचा हा भाग म्हणजे शेपूट. तिथून थिंबलभोवती जाईल एवढी लांबी सोडून दुसरी खूण. बंद नळीचे थिंबल असेल तर ते आताच शेपटात ओवून घ्या.

२. शेपूट दुसऱ्या खुणेवर दोराच्या बरोबर मधून आरपार काढा, सहा पेड इकडे आणि सहा तिकडे. दोन्ही खुणा एकत्र येईपर्यंत ओढा.

३. आता दोराचे दुसरे, लांब टोक पहिल्या खुणेवर शेपटाच्या मधून आरपार काढा आणि पूर्ण ओढून घ्या. दोन्ही एकमेकांत अडकले की डोळा कुलूपबंद झाला. यासाठी दोर ड्रमवरून काढावा लागतो. ते शक्य नसेल तर ही पायरी सोडा आणि शेवटी शिवण घाला.

४. शेपटाच्या शेवटच्या २० सेंमीत दर ४ सेंमीला एक उजवा आणि एक डावा पेड कापा, टोकाला दोनच पेड उरतील. हा उतार दिला नाही तर पुरलेले टोक जिथे संपते तिथे दोर एकदम बारीक होतो आणि नेमका तिथेच तुटतो.

५. डोळ्याच्या गळ्यापासून (जिथे दोन्ही खुणा एकत्र आल्या तिथून) ७५ ते ८० सेंमीवर फिड वेणीत घालून गळ्याच्या दिशेने पुढे ढकला आणि गळ्याशीच बाहेर काढा. शेपूट त्यात अडकवून मागे ओढा. दोर फुगलेला राहू द्या.

६. डोळा एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने गळ्यापासून दूर, जोर लावत दोर सपाट करत न्या. शेपटाचे टोक आत गुडूप होईल. तिसरी पायरी सोडली असेल तर गळ्याजवळ मजबूत दोऱ्याने पाच-सहा टाके दोन दिशांनी आरपार घाला, नाहीतर सैल दोर हलला की शेपूट सरकत बाहेर येते.

मधे तुटलेला दोर जोडायचा असेल तर दोन्ही टोकांना तसाच उतार देऊन ती एकमेकांच्या पोटात ७२-७२ सेंमी घाला आणि शिवून घ्या. मिळून दीड मीटरच्या आसपास लांबी जाते. ताण नसताना अशी जोड हाताने सुटू शकते, म्हणून टाके इथे ऐच्छिक नाहीत.

पहिली ओढ हलकी द्या, सपाटीवर मोकळी गाडी ओढण्याइतकी, आणि लगेच गळा पाहा. शेपटाचे पेड बाहेर डोकावत असतील तर पुरलेली लांबी कमी पडली आहे. उसवा आणि पुन्हा घाला.